पांढरी बाजू आपल्याकडे

सुभेदारसाहेबांना कुणी 'यल्ला' म्हटलं की ते खाली बसत.

सौदीतल्या आमच्या प्लांटवर हा अरबी शब्द दिवसभर कानावर आदळत असतो. चल, आटप, हो पुढे, उशीर होतोय, सगळं त्या एका शब्दात येतं. क्रेनवाला म्हणतो, फोरमन म्हणतो, कँटीनमध्ये भात वाढणारा म्हणतो. साहेब मात्र तो ऐकला की जिथे असत तिथेच उकिडवे बसत, बुटाची नाडी सोडत आणि सावकाश पुन्हा बांधत. तोवर काम सुरू होत नसे, कारण परमिटवर त्यांची सही लागायची. नव्या माणसाला आधी हा योगायोग वाटे. दोन-तीनदा झालं की तो आपोआप 'साहेब, जरा बघता का' असं म्हणायला शिकायचा.

ते आमच्या कंपनीचे सेफ्टी ऑफिसर. मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत सुरुंग काढणं, पूल बांधणं अशी कामं करणाऱ्या पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, त्यांचं नाव छापलेलं होतं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. कोकणातले वेल्डर त्यांना 'सुभेदार' म्हणत, केरळचे लोक 'सुबेदार सार', आणि अल-खोबरमधल्या आमच्या बिल्डिंगमधली मराठी पोरं 'सुभेदारकाका'. निवृत्तीनंतर ते काही वर्षं अफगाणिस्तानात होते. तिथल्या शेतांत आणि वाटांवर पुरलेले सुरुंग काढणाऱ्या एका परदेशी संस्थेसाठी. त्यानंतर सौदीला आले.

मी जुबैलच्या या प्लांटवर बदलून आलो तेव्हा पहिले काही आठवडे मला त्यांचा राग यायचा. मी डावीकडून काही बोललो की ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. मला वाटलं, फौजी माणूस, ताठा असणार. मग एके दिवशी त्यांनीच मला खांद्याला धरून दुसऱ्या बाजूला उभं केलं. "इंजिनिअर, ह्या बाजूनं बोलत जावा. त्यो कान मी एका बैलाला देऊन आलोय." अफगाणिस्तानात ते एका शेतातले सुरुंग काढत असताना गावातला एक चुकार बैल नको तिथे शिरला होता. बैल गेला, साहेबांचा कान गेला. बैलाच्या मालकाचं काय झालं याची हळहळ त्यांना कानापेक्षा जास्त होती.

आम्ही चार-पाच कुटुंबं मिळून हाफ मून बेला समुद्रावर गेलो होतो, तेव्हा पहिल्यांदाच त्यांना घेऊन गेलो. गाडीतून उतरून सगळे पाण्याकडे धावले. साहेब मागे. मी वळून पाहिलं तर माझी बायको चालत गेली होती, तिच्याच पावलांवर पाय ठेवत ते येत होते. नेमके तिच्याच ठशांवर. एवढा उंच माणूस, छोटी छोटी पावलं टाकत. बायको ओशाळली. "अहो, सगळा किनारा मोकळा आहे की."

"मोकळा हाय हो वहिनी. पर पायाला कोण सांगणार?"

ती हसली. त्या दिवसापासून कुठेही वाळूत चालायची वेळ आली की ती त्यांच्या पुढे राहायची आणि पावलं थोडी लांब टाकायची, त्यांना सोपं जावं म्हणून. दोघं यावर कधी काही बोलल्याचं मला माहीत नाही.

त्यांच्या केबिनमध्ये टेबलाच्या शेजारी एक भलंमोठं, तळ जळलेलं पातेलं होतं. त्याची गोष्ट ते नव्या भरतीला स्वतःच सांगत. उत्तरेला, कुवेतच्या वाटेवर, आम्ही पाइपलाइनसाठी चर खणत होतो. त्या भागातून कुवेतची जुनी लढाई होऊन गेलेली. एक्स्कॅव्हेटरचा दात कशाला तरी लागला आणि खणकन आवाज झाला. साहेबांनी हात वर केला. काम बंद. माणसं लांब. साइट मॅनेजर लालबुंद होऊन आला, म्हणाला, जुना पाइप असेल, काढा आणि पुढे चला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. सरकारी बॉम्बवाल्यांना बोलावलं. ते येईपर्यंत अख्खा दिवस उन्हात गेला. त्यांनी हळूहळू माती उकरली आणि आतून निघालं कुणा बेदूचं, वाळवंटातल्या भटक्या माणसाचं, पातेलं.

सगळा कँप हसला. मॅनेजरनं वरपर्यंत तक्रार केली. पुढे कित्येक दिवस पोरं साहेबांना पाहून ताटावर चमचा वाजवत. साहेबांनी मात्र बॉम्बवाल्यांशी हात मिळवला, ते पातेलं मागून घेतलं, घासलं आणि केबिनमध्ये आणून ठेवलं. "हे मी शोधलंय," ते अभिमानानं सांगत. "असंच निघू दे दर वेळी. पातेलं निघालं म्हंजी दिवस चांगला गेला." चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून पाच मिनिटं सुरक्षिततेवर बोलायची पद्धत आहे. बाकीचे ऑफिसर कागद वाचून दाखवतात. साहेब काहीही बोलत. कधी हेल्मेटबद्दल, कधी बायकोला फोन करून भांडण मिटवून मगच शिडीवर चढा असं. एकदा त्यांनी अफगाणिस्तानचा सगळा इतिहासच सांगून टाकला.

"आधी रशियाची फौज आली. राहिली, लढली, गेली. जाताना माल तसाच मातीत ठेवून गेली. मग तिथलेच आपसात लढले, त्यांनी बी ठेवला. मग अमेरिका आली, तिच्यासंगट आणिक देश आले. वीस वर्षं राहिले. त्या काळात आम्ही गेलो, ते उचलायला. मातीत पडलेल्या त्या डबीला ठाऊक नसतंय की तिचा मालक घरी गेला. ती आपली वाट बघत बसती. तवा जाताना आपली हत्यारं मोजा आन् जागच्या जागी ठेवा. हातोडा वर विसरला तर त्यो बी खाली कुणाची तरी वाट बघतोय."

वेल्डर पोरं मान हलवून कामाला गेली. त्या दिवशी हातोडे जागेवर होते.

'हत्यार' हा शब्द फौजी माणसाच्या तोंडी बंदुकीसाठी येतो. साहेब तो पान्यासाठी वापरत. आपण उभ्या नोकरीत कुणावर गोळी झाडली नाही, हे ते कुणालाही, कधीही, न विचारता सांगत. हे सांगताना त्यांची छाती जेवढी पुढे यायची तेवढी लढाईत पदक मिळवलेल्यांचीही येत नसेल. "लोक बघा सांगतात, इतके मारले. मला विचारा. मी काय सांगू? माझ्या कामात ज्यो वाचला त्याला ठाऊकच न्हाई की त्यो वाचला. आपला निघाला शाळंत." आणि मग मिशीवरून हात फिरवत, "ह्यालाच म्हणायचं चोख काम."

हा अभिमान एकदाच डळमळलेला मी पाहिला. परदेशी फौजा अफगाणिस्तानातून परतल्या, तेव्हा कँटीनच्या टीव्हीवर ती विमानं आणि धावपट्टीवरची गर्दी दिवसभर चालू होती. आमच्यात एक दादरचा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे, मनानं चांगला, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "वीस वर्षं गेली पाण्यात. काय उरलं, सांगा."

तो टीव्हीला उद्देशून बोलला होता. उत्तर साहेबांनी दिलं. "माझी न्हाई गेली."

"तसं नव्हे हो सुभेदारसाहेब. म्हणजे शेवटी हाती काय लागलं?"

साहेबांनी ताटातली पोळी मोडली, पण खाल्ली नाही. ते उठून हात धुऊन बाहेर गेले. मीही गेलो. ते शेडच्या सावलीत उभे राहून फोन लावत होते. लागत नव्हता. "आमचा एक माणूस हाय तिथं," एवढंच म्हणाले. तो फोन ते पुढे बराच काळ लावत राहिले. मग लावेनासे झाले. मीही विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की माणसाला उत्तर द्यावं लागतं.

आता क्रिकेटचं. शुक्रवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, शहराबाहेरच्या मोकळ्या रानात आमच्या मॅचेस होतात. मधे सिमेंटची पट्टी, वर मॅट, बाकी सगळी कडक माती. संघ कंपन्यांचे, दुकानदारांचे, ड्रायव्हरांचे. मी आमच्या संघाचा कॅप्टन. साहेबांना क्रिकेटमध्ये काडीचा रस नव्हता, पण प्रथमोपचाराची पेटी घेऊन ते तंबूत बसत. कुणाला लागलं नाही की खूश होऊन घरी जात.

गेल्या मोसमात आमचा एक बॉलर सुट्टीवर गेला म्हणून आम्ही अल-खोबरच्या एका बेकरीतला अफगाण तरुण संघात घेतला. तमीस नावाची मोठी तंदुरी रोटी मिळते ना, ती भाजणारा. हात असा की चेंडू दिसायचा नाही. पण त्याचा रन-अप विचित्र होता. तो सरळ धावत यायचा नाही. लांब उजवीकडून यायचा, मधेच काहीतरी चुकवावं तसा अंग वळवून डावीकडे जायचा, आणि मग अंपायरच्या अगदी अंगावरून येऊन चेंडू टाकायचा. अंपायर वैतागायचे. आमच्या दादरकरानं ठरवलं, याला सरळ करू. त्यानं फक्कीनं जमिनीवर सरळ रेघ मारली. "देखो, इस लाइन पे दौड़ो. बस."

पोरगा गुणी. रेघेवरून धावला आणि चेंडू लेग साइडला कुठल्या कुठे गेला. पुन्हा धावला, पुन्हा तेच. अगदी रडकुंडीला आला. "उस्तादजी, सीधा नहीं होता," तो म्हणाला. पेशावरच्या लोकांबरोबर राहून शिकलेली त्याची हिंदी. "पाँव ख़ुद मुड़ जाता है."

हे ऐकून साहेब तंबूतून बाहेर आले. पेटी तिथेच ठेवून. ते त्या पोराजवळ गेले, आणि त्याच्या रन-अपची सगळी वाट एकदा स्वतः चालून आले. उजवीकडून निघाले, मधे वळले, विकेटपाशी थांबले. मग त्याला विचारलं, "जहाँ तू मुड़ता है, वहाँ पेड़ था क्या?"

पोरगा त्यांच्याकडे बघत राहिला. "शहतूत का. आपको कैसे मालूम?"

"और इधर कुआँ? उधर स्कूल की दीवार?"

"जी."

"दीवार पे नीला रंग?"

"आधी दीवार पे. रंग ख़त्म हो गया था."

साहेब मटकन खाली बसले. नाडी बांधायला नव्हे. मी पाणी घेऊन धावलो, त्यांनी हातानंच थांबवलं. आम्ही सगळे भोवती गोळा झालो आणि त्यांनी सांगितलं ते असं. लोगर प्रांतातल्या डोंगराखालच्या एका गावात शाळा आणि विहीर यांच्यामधल्या सगळ्या रानात सुरुंग होते. पोरं पाण्याला लांबच्या वाटेनं जात, आणि कंटाळा आला की जवळच्या. साहेबांच्या तुकडीनं आधी विहिरीपासून शाळेपर्यंत वाट मोकळी केली, आणि शाळेच्या भिंतीलगत पोरांना खेळायला एक चिंचोळा तुकडा. मधल्या तुतीच्या झाडाच्या मुळांत काम अवघड म्हणून वाट त्या झाडाला वळसा घालून काढली. कडेनं दगड रंगवून ठेवले. पांढरी बाजू आपल्याकडे, लाल बाजू पलीकडे. लाल दिसायला लागलं तर समजायचं आपण चुकीच्या बाजूला आहोत.

झाडापलीकडचं रान राहिलं. संस्थेचा करार संपला, तुकडी दुसऱ्या प्रांतात हलवली. "अर्धं टाकून आलो," साहेब म्हणाले. "फौजेत असं कधी केलं न्हवतं."

पोरगा खाली बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मराठी त्याला कळत नव्हती, पण कुठल्या गावाबद्दल चाललंय ते कळत होतं. तो सांगायला लागला. "हम छोटे थे तो समझते थे कि पत्थर बाउंड्री है. लाल के पार मारा तो आउट. और बॉल भी गया, कोई लेने नहीं जाएगा." म्हणून त्यांच्या गावात कुणी उचलून मारत नाही. सगळे जमिनीवरून, सरळ. आणि बॉलर विहिरीकडून वाटेनं धावत येतो, तुतीपाशी वळतो, आणि टाकतो. दुसरीकडून यायला जागाच नव्हती.

दादरकर गेला आणि आपण मारलेली रेघ बुटानं पुसून आला.

मॅच झाली. पोरानं आपल्याच वाटेनं येऊन समोरच्यांची मधली फळी कापून काढली. साहेब तंबूत बसले होते, पण आज प्रत्येक चेंडू बघत होते. तो वळायचा तिथे त्यांचाही खांदा किंचित वळायचा. नंतर चहा घेताना ते बराच वेळ काही विचारायचं टाळत होते, हे मला दिसत होतं. कपातला चहा संपला तरी कप हातात. शेवटी म्हणाले, "वहाँ एक आदमी था. मेरे साथ काम करता था. एक पैर नहीं था उसका."

"लंगड़े उस्ताद?" पोरगा म्हणाला. "वो तो अंपायर हैं."

"जिंदा है?"

"बहुत जिंदा है. कुर्सी पे बैठ के अंपायरिंग करते हैं. एलबीडब्ल्यू देते ही नहीं. कहते हैं, पैर को सज़ा मत दो."

साहेब हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. मी त्यांना मिशीवर हात फिरवून समाधानानं हसताना पाहिलं होतं, पण असं नाही. हसता हसता त्यांनी चहाचा रिकामा कप दोनदा तोंडाला लावला. ज्याला ते इतके महिने फोन लावत होते तो माणूस हाच. त्याचा पाय साहेब तिथे जायच्या कितीतरी आधी गेला होता, आणि त्यानंतर तो मुद्दाम या कामाला लागला होता. साहेबांनी त्याला भारतीय फौजेची शिस्त शिकवली, त्यानं साहेबांना तिथली माती वाचायला शिकवलं. "माझ्या जिवाची दोरी त्याच्या हातात असायची आन् त्याची माझ्या," असं ते म्हणाले, तेही अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं.

उस्तादचा जुना नंबर बंद होता आणि गावात नेट जेमतेम. पोरानं घरी निरोप धाडला. मग आम्ही वाट बघत राहिलो. मी 'आम्ही' म्हणतो कारण या काळात आमचं निम्मं ऑफिस त्या फोनची वाट बघत होतं. दादरकर रोज सकाळी विचारायचा, "आला का हो?" साहेबांनी केस कापून घेतले. शर्ट इस्त्रीचे असायचेच, आता त्यांची घडीही मोडेना.

फोन आला तो एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, माझ्याच घरी. बेकरीतला पोरगा आपला फोन हातात धरून धावत आला. साहेब आमच्याकडे पोहे खात होते. पडद्यावर पांढऱ्या दाढीचा, फेटेवाला माणूस. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग साहेबांनी फोन उजव्या कानाकडे नेला, आणि तिकडून आवाज आला, "कान मत दिखा, मुँह दिखा." उस्तादची हिंदी मोडकी, पण हुकूम स्पष्ट होता.

बोलणं असं फार झालं नाही. तब्येत, मुलं, गुडघे. मग साहेबांनी एकदम विषय काढला. "उस्ताद, मैं आधा छोड़ के गया था."

"हाँ, छोड़ के गया था," उस्ताद म्हणाला. "तेरे लोग गए, फिर बाकी सब गए. हम कहाँ जाते? हम तो यहीं थे." त्यानं कुणाला तरी हाक मारली, आणि फोन एका तरुणाच्या हातात गेला. चित्र हललं. शाळेची निळी भिंत दिसली, अर्धीच निळी. कडेला दगड. मग तुतीचं झाड. तो फोनवाला झाडाला वळसा न घालता सरळ पुढे निघाला.

"थांब," साहेब ओरडले, मराठीत. त्यांचा हात वर गेला. पोह्यांची बशी खाली पडली. "रुक जा. उसको रोक."

तिकडून उस्ताद हसत होता. "चलने दे. हमारे लड़कों ने साफ़ किया. जैसे तूने सिखाया था, वैसे. बैठ के, हाथ से. तेरे जाने के बाद चार जाड़े लगे."

फोनवाला चालत होता. दोन्ही बाजूंना गहू होता, कमरेएवढा, वाऱ्यानं लवणारा. तो खाली न बघता चालत होता, गाणं गुणगुणत. माझी बायको जमिनीवरचे पोहे गोळा करायला वाकली होती, ती तशीच राहिली. साहेबांचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला.

"जाऊ दे त्याला," ते म्हणाले. मग पडद्याकडे वाकून, "और आगे जा बेटा. और आगे."

तो पुढे गेला. बांधापर्यंत गेला, बांध ओलांडला. तिथे नेट तुटलं.

बेकरीवाला पोरगा पुन्हा पुन्हा लावून बघत होता. साहेब खुर्चीत ताठ बसले होते, डोळे पुसायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस.

"जरा दाट पेरलाय," ते म्हणाले. "पर ओंबी भरलीया चांगली."